नानांच्या गाडीची चौथी नळी

७ एप्रिल, सोमवार. नशिराबाद

उस्तादांच्या गॅरेजात टिकून महिना झाला. माझ्या मानाने जास्तच. सुरतेत लूमवर याहून कमी टिकलो होतो, नाशिकला द्राक्षांच्या पॅकिंगमध्ये तर त्याहून कमी. इथे का टिकलोय ते सांगता येत नाही. बहुतेक उन्हामुळे. एवढ्या उन्हात निघून जायचाही कंटाळा येतो.

दुपारी उ. (उस्ताद. रोज पूर्ण लिहिणार नाही) एका टेम्पोखाली पडलेले, फक्त पाय बाहेर. हायवेवरून काहीतरी फट-फट-फट करत यायला लागलं. उ. खालूनच बोलले, "चहा सांग. नाना आला." बाहेर जाऊन बघतो तर गाडी अजून पंपाच्याही पलीकडे.

नाना म्हणजे पारोळ्याकडचे म्हातारे, मालक तेच, ड्रायव्हर तेच. गाडी म्हणजे नाकवाला जुना ट्रक, बोनेट पुढे आलेलं. मूळचा रंग कुठला ते नानांनाच ठाऊक. इंजिनाच्या अंगाला जो बिडाचा मॅनिफोल्ड असतो, सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे पाठवणारा, त्याला चौथ्या सिलिंडरपाशी भेग. फटफट तिथलीच. कित्येक वर्षांची भेग. सांधायची, पुन्हा उघडायची.

उ. म्हणाले, "नाना, भंगारवाल्याला दाखव हिला. डॉक्टरकडे कशाला आणतो?"

नाना म्हणाले, "मनी गाडी अजून मरेल नही शे. लळिंग चढनी का बस. आखाजीले वंदीले आनानं शे."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, लेकी माहेरी येतात तो सण. वंदी म्हणजे वंदना, नानांची एकुलती एक मुलगी. सासर धुळ्याच्या पुढे, लळिंगचा घाट चढून हायवे सोडला की आत. गेल्या आखाजीला गाडी घाटातच तापून बसली. क्रेन लावून परत आणली. वंदी सासरीच राहिली. यंदाही तसंच झालं तर पोर समजेल की बाप दमला, असं नाना म्हणाले. मग चहा बशीत ओतला आणि प्यायलाच नाही.


८ एप्रिल, मंगळवार

सकाळी नानांना सहज विचारलं, "एसटीने जाऊन आणा ना ताईला. नाहीतर जीप करा." नानांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नाना बाजेवर झोपल्यावर उ.नी सांगितलं. वंदीच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला नाना मुराळी म्हणून गेले, लेकीला माहेरी आणायला. मुराळी जायचा तर लोक जीप करून जातात, मोटरसायकलवर तरी जातात. नाना ट्रक घेऊन गेले. व्याही ओट्यावर चार माणसांत बोलला, "पोरगी न्यायला आलाय की कांदे?" झालं. त्या दिवसापासून नाना व्याह्याचा उंबरठा चढत नाहीत. व्याही म्हणतो, दारात येऊन मागेल तर पाठवीन. नाना म्हणतात, येईन तर याच गाडीने येईन.

"मग दरवर्षी येते कशी ती?"

"येते. गाडी गावाबाहेर निंबाच्या झाडापाशी उभी करतो. ती पिशवी घेऊन चालत येते. ना यांनी बोलावली, ना त्यांनी पाठवली." उ. हसले. "दोघांचं नाक शाबूत."

घरी भाऊ-बापाचं असलं काही बघितलं की मी सरळ निघून यायचो. इथे नवीनच तऱ्हा.

जळगावात सगळीकडे विचारलं, या मॉडेलचा नवा मॅनिफोल्ड मिळत नाही. जुना मिळेल तोही फुटकाच. उ. वैतागले. मी मोबाईलमध्ये बघितलेलं सांगितलं, हेडर म्हणून असतो. बिडाच्या एका बोळात सहाही सिलिंडरांची ढकलाढकली चालते, हेडरमध्ये प्रत्येकाला स्वतःची नळी, पुढे जाऊन एक होतात. इंजिनाचा श्वास मोकळा, घाटात ताकद. उ. म्हणाले, "शर्यतवाल्यांचं खूळ." मग तोच व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

धुळ्याला एक वेल्डर बनवतो असं कळलं. माप काढून फोनवर पाठवलं. नाना म्हणाले, "चढनी पाह्यजे. मंग तुमी तिले सहा लावा का साठ लावा."

आखाजी तीसला. त्याच्या एक-दोन दिवस आधी वंदी माहेरात पाहिजे.


९ एप्रिल, बुधवार

दिवसभर स्टड पाजले, म्हणजे मॅनिफोल्ड इंजिनाला धरून ठेवणारे आट्यांचे खिळे. उ.ची रीत: गंजलेल्या नटाला आधी हातोडीने हलके टोले, मग डिझेल आणि रॉकेल, मग त्याला एकटं सोडायचं. रात्रभर. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोले, पुन्हा पाजायचं. पाना लावायचा नाही. "पहले पिलाओ, फिर घुमाओ."

मला हे पाजणं झेपत नाही. बसून राहणं. मधेच समोरच्या केळीच्या ट्रकवाल्याशी बोलत बसलो. तो सावद्याहून दिल्लीला निघालेला. म्हणाला, क्लीनर पळून गेला, येतो का? जवळजवळ हो म्हणालो होतो.


११ एप्रिल, शुक्रवार

उ. नमाजाला गेले. जाताना म्हणाले, हात लावू नको. मी लावला.

पाच नट सरसर आले. मला वाटलं आपलं चांगलं चाललंय. चौथ्या सिलिंडरच्या वरच्याला पान्याच्या टॉमीवर, म्हणजे लांब दांड्यावर, पाय ठेवून जोर दिला. लोखंड तुटायच्या आधी जरा मऊ लागतं. ते लागलं, आणि मला समजलं, आणि तोवर पाय दाबलेला होता.

उ. आले. टोपी काढून खिशात ठेवली. वाकून बघितलं. "आत गेला?"

"बरोबरीने तुटला. पकडायला काही नाही."

पाणी प्यायले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नाना बाजेवर उठून बसले होते. विचारलं, काय झालं. उ. म्हणाले, "काही नाही. जुनी गाडी आहे, स्टड तुटतातच."


१२ एप्रिल, शनि.

उ.नी सकाळपासून त्या तुटक्या बुंध्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरली. नट थंड होताना फिरवायचा. निघून आला, बुंधा तिथेच. पुन्हा. पुन्हा निघून आला. इंजिनाचं हेड उतरवावं लागलं असतं तर आखाजी गेली होती. शेवटी लाल असतानाच मेणबत्ती टेकवली, मेण आत खेचलं गेलं, वास सुटला चर्चमध्ये सुटतो तसा. मग पाना लावून अर्धा आटा पुढे, अर्धा मागे, पुढे, मागे. जसा दात काढतात. आला.

मी तो स्टड खिशात ठेवला. कशाला ते माहीत नाही.

उ. एवढंच म्हणाले, "घाईत काय झालं, माहितीये? तुझी घाई होती म्हणून सकाळ गेली. माझी."


१४ एप्रिल, सोम.

जयंतीची सुट्टी. भुसावळला घरी गेलो. स्टेशनावरच बसून राहिलो बराच वेळ. गाड्या बघत. लहानपणापासून तेच करतो. आईचा फोन, "कुठे आहेस?" म्हटलं, स्टेशनवर. "म्हणजे आलास की निघालास?"

घरी जेवलो. बाबा म्हणाले, "ट्रकचा धूर काढायला शिकतोय म्हणे." चेष्टा होती पण ताकद नव्हती तिच्यात. थकलेत. संध्याकाळी परत.


१५ एप्रिल, मंगळ.

हेडर आणायला धुळ्याला निघालो. बसमधून पारोळ्याचा किल्ला दिसला आणि उतरलो. कधी बघितला नव्हता. खंदकाच्या कडेने फिरलो, एका भिंतीच्या सावलीत टेकलो, झोप लागली. जाग आली तेव्हा शेळ्या आजूबाजूला. धुळ्याला पोचलो तर वेल्डरचं शटर खाली. त्याच्या गावी कुणाचं तरी हळदीचं जेवण होतं.

उ.चा फोन. "मिळाला?"

"उद्या."

"किल्ला कसा होता?" कुणी सांगितलं त्यांना, देव जाणे. कंडक्टर ओळखीचा असावा.


१६ एप्रिल, बुध.

मिळाला. नवा कोरा, सहा नळ्या वळून वळून एकात शिरलेल्या. कुणाची आतडी बाहेर काढून सांधली असं वाटतं. पण काम सुंदर, वेल्डिंगच्या रेघा माशाच्या खवल्यांसारख्या.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर आत घेईना. "हा खेकडा छतावर टाक." छतावर चढायला शिडी नसते आता. म्हटलं मांडीवर घेतो. "सहा पाय शेतस त्याले, अर्धं तिकीट काढ," मागून कुणीतरी. शेजारची म्हातारी बराच वेळ हात फिरवत होती त्याच्यावरून. म्हणाली, "पोऱ्याना झोका शे का?" मी हो म्हणालो. समजावत कोण बसणार.

मांडीला वळ उठलेत.


१८ एप्रिल, शुक्र.

बसत नाही.

वरून घातला तर स्टिअरिंगच्या दांड्याला अडतो. खालून घातला तर स्टार्टरला. उ. म्हणाले, माप कुणी काढलं? मीच. माप बरोबर होतं, फक्त मधे स्टिअरिंग असतं हे मापात लिहायचं राहिलं.

स्टार्टर उतरवला. इंजिनाखालचे रबर सोडले, सागाची फळी लावून जॅकने इंजिन थोडं उचललं, एका अंगाला कललं, आणि त्या फटीतून खेकडा आत सरकवला. नमाजाहून परत आलेले उ. आणि मी, दोघे दोन बाजूंनी. मधे नाना, "आते इकडे. आते तिकडे. मोडशात." एक क्षण तिघांचेही हात त्याच्यात अडकले होते आणि कुणालाच काढता येईना. उ. हसायला लागले तर नानाही हसले. मी नाही. माझं बोट चेपलं होतं.

पॅकिंग लावलं. नट मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे. या वेळी घाई नाही केली.

बाकी जागा करायला जुना बिडाचा मॅनि. हातगाडीवाल्याला देऊन टाकला. घणाचे दोन घाव, तीन तुकडे झाला, भेगेतूनच फुटला. नाना तेव्हा चहाला गेले होते.


१९ एप्रिल, शनि.

चालू केला. आधी निळा धूर, नव्या नळ्यांवरचं तेल जळतं तो. मग साफ. आणि आवाज, काय आवाज. खोल, एकसारखा, हम्म्म. फटफट कुठेच नाही. रेस दिली तर छाती हलली. समोरच्या टपरीवरचे लोक उठून आले. उ.नी अंगठा दाखवला, मला, पहिल्यांदा.

नानांनी इंजिन बंद केलं. पुन्हा चालू केलं. ऐकलं. पुन्हा बंद.

"हाई कोनी गाडी शे?"

उ. म्हणाले, "तुझीच, नाना. जवान झाली."

"वंदी आवाजवर येस ना रे," नाना म्हणाले. केबिनमध्येच बसून. "गावना बाहेर उभी करस, रेस देस, ती घरमा आयकस. मी फोन नही करस, हॉर्न नही वाजाडस. आते तिले काय समजी कोन उनं?"

आम्हाला हे कुणालाच माहीत नव्हतं. उ.ना निंबाचं माहीत होतं, पिशवीचं माहीत होतं. ती बाहेर कशी येते हे कधी विचारलं नव्हतं. गाडी उभी राहिली की ती येते, एवढंच.


२० एप्रिल, रवि.

गॅरेज बंद तरी तिघे बसलेले.

मी: फोन करा की.
नाना: फोन सासूना हातमा ऱ्हास. ती स्पीकरवर लावस. फोन करना म्हंजे मांगनंच झायं. वंदीनीच सांगेल शे, नाना फोन करू नका, मी आवाजवर येसू.
मी: मग हॉर्न.
नाना: आखाजीले बठ्ठा गावमा हॉर्न वाजतस.
उ.: मी जातो, निरोप देतो.
नाना: मंग तूच मुराळी झाया. माले काय इचारस?

उ. चिडले. "तुम्हा दोघांच्या नाकासाठी मी माझी दुकानदारी बंद ठेवलीये का?" नाना म्हणाले, नको ठेवू. मग उ.नी खरबूज कापलं आणि पहिली फोड नानांना दिली.

संध्याकाळी जळगावला भंगारात जाऊन जुने तुकडे शोधले. बिडाचा ढीग डोंगराएवढा. माणूस म्हणाला, कालची गाडी गेली, भट्टीला. तिथेच एका मोडक्या पंख्याशी खेळत बसलो, बेअरिंग चांगलं होतं.


२२ एप्रिल, मंगळ.

हेडर तापून थंड झाला की नट ढिले पडतात, पुन्हा आवळावे लागतात. उ.नी सकाळीच सांगितलेलं. मी पाच नळ्यांचे आवळले आणि बाहेर दोरीवाला आला. आखाजीचे झोके बांधायच्या दोऱ्या, जाड, पिवळ्या. त्याच्याकडे दोरी वळायचं हातयंत्र होतं, बघत राहिलो.

परत येऊन चालू केला. चौथ्याला आवळायचं राहिलेलं. फट-फट-फट.

बाजेवर झोपलेले नाना ताडकन उठून बसले. चप्पल शोधायला लागले.

उ. ओरडले, "चौथा! चौथा कुणी सोडला?" बंद केला, आवळला, चालू केला. हम्म्म. नाना थोडा वेळ बसून राहिले, मग पुन्हा आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून.

ऊन चव्वेचाळीस म्हणे. पानेसुद्धा हातात धरवत नाहीत, पाण्यात बुडवून घेतो.


२४ एप्रिल, गुरु.

निघून गेलो होतो. लिहितो म्हणजे झालं.

काल केळीवाल्याच्या त्याच ट्रकमध्ये बसलो, क्लीनर म्हणून. गाडी तर झाली, आवाजाचं काय ते ते बघून घेतील, माझं काय. सावद्याला केळी भरताना घडांना पानं लावत होतो. एक बाई घडाला हात लावून सांगत होती, हा पिकेल, हा फुटेल. मधेच ट्रकवाल्याने इंजिन चालू केलं, आणि मी नुसता आवाज ऐकून म्हणालो, तुमचं तिसऱ्याचं पॅकिंग गेलंय. तो म्हणाला, हो, दिल्लीला करू. मी विचारलं पाना आहे का. नव्हता.

तिथून उतरलो. दमलो म्हणून उतरलो, दुसरं काही नाही. एसटीने परत. उ. म्हणाले, "जेवलास?" खाटेवर माझी चादर घडी करून ठेवलेली होती. म्हणजे गेला असं त्यांनी धरलेलं, पण चादर दिली नव्हती कुणाला.


२६ एप्रिल, शनि.

नळ्यांवर उष्णता अडवायची पट्टी गुंडाळली, कारण ब्रेकचा पाइप जवळून जातो. खाज सुटते त्या पट्टीने, मानेपर्यंत. नानांनी नारळ फोडला टायरपाशी. अर्धं खोबरं मला.

नाना पहिल्यांदाच माझ्याशी माझ्याबद्दल बोलले. "तू काबर फिरस रे असा?" म्हटलं माहीत नाही. "माय वाट देखस का?" म्हटलं देखते. "मंग बरं." काय बरं ते सांगितलं नाही.


२७ एप्रिल, रवि.

ठरलं. उद्या सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत घाट. नानांबरोबर मी. उ. येणार नाहीत, म्हणाले माझं बीपी घाटात चढतं.

पण संध्याकाळी हत्यारांची पिशवी त्यांनी स्वतः भरली. सोळा-सतराचा रिंगपाना वर ठेवला. "गरम झाल्यावर बघत जा. बाकीच्यांना गाडीखाली जावं लागतं. चौथ्याला वरून हात पोचतो."

"आवळून ठेवलाय मी चांगला."

"माहितीये," उ. म्हणाले. "आवळतो चांगला तू. आता."


२८ एप्रिल, सोमवार

पारोळा, चहा. नानांनी दाढी केलीये. पांढरी टोपी कडक. मागच्या बाजूला ताडपत्री आणि तिच्यावर गादी, वंदी मागे बसत नाही तरी दरवर्षी टाकतात म्हणे.

धुळे ओलांडलं. गाडी काय चालते. गिअर टाकताना नानांचा हात हलका पडतो ते दिसतं.

लळिंग चढला. तिसऱ्यात. गेल्या वर्षी जिथे बसली ती जागा नानांनी बोटाने दाखवली, न थांबता. तापमानाचा काटा अर्ध्यावरच. मी ओरडणार होतो, मग नानांच्या चेहऱ्याकडे बघून राहिलो. म्हणाले, "चढनी." एवढंच. जसं कुणी बाळंतीण सुखरूप सुटल्यावर सांगतात.

हायवे सोडला. कच्चा रस्ता. निंब आला. गाव समोर, ओढ्यापलीकडे, घरं उन्हात पांढरी. गाडी उभी.

नानांनी रेस दिली. हम्म्म. वाट पाहिली. पुन्हा. झाडाखाली दोन पोरी झोका खेळत होत्या, त्या बघायला थांबल्या आणि पुन्हा खेळायला लागल्या. ओढ्याकडून एक मोटरसायकल आली, पुढे गेली. गावातून कुणी नाही.

केबिनमध्ये बसून हे लिहितोय. मांडीवर वही. पट्टीचा वास. नाना स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेत. मी म्हणालो, नाना, मी जाऊन येऊ का, नुसता पाणी मागायला म्हणून. मान हलवली, नाही. पुन्हा रेस. इतका छान आवाज आणि मला तो ऐकवेना.

थोडा वेळ गेला. नाना म्हणाले, "एकदाव देस आनखी. मंग फिरावसू गाडी." मग टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

बावीस तारखेची दुपार आठवली. चप्पल शोधणारे नाना.

उतरलो. बोनेट उघडलं. सोळा-सतराचा. चौथा वरून हाताला लागतो. नट तापून निखारा झालेला, फडकं लावलं तर फडकं धुमसलं. दोन्ही नट अर्धा आटा मागे, पुरलं नाही. आणखी अर्धा. मनगटाला पट्टीचा चटका, फोड येणार. तीन आठवडे ज्यासाठी घालवले ते मीच सोडत होतो आणि हाताला ते कळत होतं, पाना जड लागत होता. मग आतून हवा निघाली. फट. फट-फट.

नाना आतून म्हणाले, "काय तुटनं रे?"

"काही नाही तुटलं. रेस द्या."

दिली. फट-फट-फट-फट. झोक्यावरच्या पोरींनी कानावर हात ठेवले. नाना माझ्याकडे बघत होते काचेतून, पाय दाबलेलाच.

हे लिहितोय तेव्हा अजून चालूच आहे गाडी. ब्रेकच्या पाइपाजवळून गरम हवा जाते, फार वेळ असं ठेवता येणार नाही, परत आवळावं लागेल. नाना बंद करत नाहीत. टोपी डोक्यावर घातलीये पुन्हा.

ओढ्याच्या उतारावर दोन बायका उतरताहेत. एकीच्या डोक्यावर पदर आहे, हातात काहीतरी. पिशवी असेल. घागर पण असू शकते, पाण्याला निघाल्या असतील. लांब आहेत अजून. उन्हाने हलतंय सगळं.

नानांना विचारलं, दिसतं का. म्हणाले, "डोयाले नही दिसत माले एवढं लांबनं. तू देख."

बघतोय.